रंग झिजला की आवाज येईल

दसरा उलटला की दारं बरी होतात. पावसाळाभर फुगून चौकटीत अडकून बसलेलं लाकूड ऑक्टोबरच्या उन्हात हळूहळू ताळ्यावर येतं, आणि आषाढात लाथ मारून उघडावं लागणारं बाथरूमचं दार एक दिवस नुसत्या बोटाने उघडतं. शांती नगरात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. जुलै लागला की लोक येतात, दार लागत नाही, बोल्ट बसत नाही, सुतार पाठवा. मी सांगतो, दसऱ्यापर्यंत थांबा, आत्ता रंधा मारलात तर मे महिन्यात फटीतून शेजाऱ्यांचा टीव्ही दिसेल. कोणी थांबत नाही. मग मे महिन्यात तेच लोक फटीला लावायची रबरी पट्टी घ्यायला येतात आणि मी ती मुकाट्याने देतो. धंदा आहे, शहाणपण शिकवायची शाळा नाही.

यंदाही ते दिवस आलेत. सकाळी शटरला हात लावला की चटका बसतो. मासळी पुन्हा वाळत पडायला लागल्यामुळे खाडीकडच्या वाऱ्याला तो ओळखीचा वास आहे, आणि घरोघरी दिवाळीचं रंगकाम निघाल्यामुळे गल्लीगल्लीत टर्पेंटाइन दरवळतंय. एके काळी हा माझा लाडका मोसम होता. हल्ली टर्पेंटाइनचा वास आला की मला आंतोन आठवतो, आणि आंतोन आठवला की ओठांशी काहीतरी येतं. त्याला हुंदका म्हणावं की शिवी, हे माझं मलाच ठरवता येत नाही.

आंतोन माझा मित्र. खाडीकाठच्या एका जुन्या गावातला ख्रिस्ती सुतार. रत्नागिरीहून आलेल्या बापाचा मी मुलगा, लोखंडी सामान विकायला बसलो तेव्हा मला स्क्रूचे नंबरसुद्धा धड माहीत नव्हते. पहिलं गिऱ्हाईक आंतोनने आणलं, पहिली उधारी बुडाली तेव्हा त्या माणसाच्या दारात जाऊन तो भांडला. दुपारी दुकानात आला की हक्काने माझा डबा उघडायचा. "विल्या, तुझ्या बायकोच्या हातचं कालवण आहे, ते तुला काय कळणार," असं म्हणत अर्धं संपवायचा. भावाभावांत नसतं इतकं आमचं होतं. हे मी आता लिहितोय तेव्हाही मला ते खोटं होतं असं म्हणवत नाही, आणि तिथेच तर सगळी पंचाईत आहे.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच ऑक्टोबरात त्याच्या गावातल्या चर्चचं मोठं दार दुरुस्तीला निघालं. चर्च पोर्तुगीजांच्या काळातलं. दार सागवानाचं, दोन कवाडांचं, हत्ती आत जाईल एवढं. खारं वारं खाऊन खाऊन बिजागऱ्यांचा भुगा झाला होता. एक कवाड तर इतकं खाली बसलं होतं की उघडताना फरशीवर अर्धा चंद्र कोरायचं. कमिटीने ठरवलं, नाताळच्या आत सगळं लोखंड बदलायचं. काम आंतोनला मिळालं, सामान माझ्या दुकानातून गेलं. स्टेनलेस स्टीलच्या जाड बिजागऱ्या, वरखाली नवे बोल्ट, नवं कुलूप.

दार उतरवलं त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेलो होतो. कवाडं पडवीत सुतारी घोड्यांवर आडवी टाकली होती. खिळे हाताने ठोकून केलेले, चौकोनी. ते उपटताना लाकूड कण्हायचं. बिजागरी निघाली की तिच्याखाली तिच्याच आकाराचं ताजं, पिवळसर लाकूड दिसायचं, कितीतरी वर्षांत उजेड न बघितलेलं. मेणबत्तीच्या मेणाचा, वटवाघळांचा आणि जुन्या सागाचा मिळून एक वास त्या पडवीत भरला होता. आंतोन नाक वर करून म्हणाला, "हा वास विकता येत असता ना, तर तुझं दुकान बंद पडलं असतं." आम्ही दोघेही खूष होतो. जुनं लोखंड पोत्यात जात होतं आणि माझं लक्ष मात्र एकाच गोष्टीवर होतं, ती म्हणजे दाराची कडी.

या कडीचं काय, ते सांगायला हवं. उजव्या कवाडावर छातीच्या उंचीला जाड पट्टीत लटकणारी ती लोखंडी कडी होती, पोळीएवढी गोल. हात लागून लागून एका बाजूला पार झिजून बारीक झालेली. खालच्या लोखंडी गुंडीवर ती आपटली की असा आवाज यायचा की अर्ध्या गावाला कळावं. माझी सासू जवळच्याच मुर्धा गावची, मासेमारीच्या घरातली. हिंदू बाई, घरात खंडोबा, पण होडी पाण्यात जायच्या दिवशी ती पहाटे चालत त्या चर्चशी जायची, आत पाऊल न टाकता कडी वाजवायची आणि परत यायची. होडी सुखरूप आली की पुन्हा एकदा. तिच्या सासूनेही हेच केलं होतं. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "देवळात घंटा हाय, हितं कडी हाय. मानूस पान्यात गेला, तं देवाला सांगाया नको? आतली मावली त्यांची. कडी सगल्यांची."

आणि ती कडी माझीही होती. सुनंदाशी मी लग्न केलं ते घरच्यांना न विचारता. होडीवाल्यांची मुलगी दुकानदाराने, तेही जातीबाहेरच्या दुकानदाराने नेली, म्हणून सासू कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. सुनंदाला जेवायला वाढायची आणि माझं ताट तिच्या हाती द्यायची, मी परका सर्व्हेवाला असल्यासारखं. मग एका पहाटे तिने मला उठवलं, पुढे चालायला लागली, चर्चच्या दाराशी थांबली आणि मला म्हणाली, "वाजवा." मी वाजवली. "सांगितला देवाला, की आमच्या घरात अजून एक मानूस हाय," एवढंच बोलली. येताना तिने मला चहा पाजला. त्या दिवसापासून मी जावयबापू झालो.

म्हणून दार निघणार हे कळल्यावर मी तिला शब्द दिला होता. ती काळजीत होती, मेव्हणा जनू तेव्हा एकटाच होडी घेऊन जायचा. मी म्हटलं, "आई, बाकीचं सगळं बदलेल, कडी तीच राहील. माझा शब्द." फादरांना मी स्वतः भेटलो. ते बाहेरचे, हिंदीत बोलायचे. हसून म्हणाले, "ठीक है, रिंग रहेगा." आंतोनने ती कडी फडक्यात गुंडाळली, गंज काढायला रॉकेलमध्ये बुडवून ठेवतो म्हणाला आणि घरी नेली. मी निश्चिंत झालो. कडी बँकेत ठेवली असती तरी इतका निश्चिंत झालो नसतो.

दार परत बसलं तेव्हा दिवाळीची गर्दी होती, मला दुकानातून मान वर करायला फुरसत नव्हती. नंतर गेलो तर दार दिमाखात उभं होतं, एका बोटाने उघडत होतं, आणि सगळ्या लोखंडाला काळा ऑइलपेंट फासला होता, कडीला तर जरा जास्तच. मी ती हातात घेतली. जाड लागली. वाजवली, तर आवाज बद्द. आता तुम्ही म्हणाल, जन्म लोखंडात गेला आणि तुला कळलं नाही? नाही कळलं. मी ती हाताने नाही, मैत्रीने चाचपली होती.

सासूने मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं, "जावयबापू, आवाज गेला तिचा." मी आंतोनला विचारलं. तो कुणाच्यातरी खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होता, मान वर न करता म्हणाला, "रंग आहे रे, यार. चार हात चढवलेत. रंग झिजला की आवाज येईल." मी तसंच, त्याच शब्दांत, सासूला जाऊन सांगितलं. तिने "बरं" म्हणून मान हलवली.

पुढच्या मोसमात मात्र ती चर्चशी जायची बंद झाली. जनूची होडी जायची, यायची, आणि म्हातारी ओट्यावर बसून राहायची. मला वाटलं, गुडघे. वय झालं. मी तिला गुडघ्यांचं तेल नेऊन दिलं. ती बाटली अजून तशीच आहे त्यांच्याकडे, सील न तोडलेली.

यंदा ऐन श्रावणात आंतोन गेला. दुपारी काम करता करता छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत संपला. त्याला थेट चर्चमध्येच आणलं. ज्या दारातून पेटी आत गेली ते माझ्या सामानाने त्याने बसवलेलं दार. बिजागऱ्या जरासुद्धा कुरकुरल्या नाहीत. मी लहान मुलासारखा रडलो. सुनंदाने माझा हात धरला होता. त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं की तुझा या जगात सगळ्यात खरा माणूस कोण, तर मी त्या पेटीकडे बोट दाखवलं असतं.

त्याचे रंधे आणि पटाशा माझ्या दुकानात पडून होत्या. दसरा झाल्यावर त्या द्यायला मी त्याच्या घरी गेलो. घरी म्हणजे काशीगावाकडच्या नव्या टॉवरमध्ये. गावातलं घर बिल्डरला देऊन ते तिथे राहायला गेले होते, पण त्याने मला कधी बोलावलं नव्हतं. "अजून सामान लागलं नाही," "पाहुणे आहेत," "लिफ्ट बंद आहे." नाताळचा फराळसुद्धा स्वतः दुकानात आणून द्यायचा. मला वाटायचं, गाव सुटल्याचं दुःख आहे, दाखवायला लाजतोय. माणूस किती चांगला अर्थ काढू शकतो, याला खरंच मर्यादा नाही.

एमिली वहिनींनी दार उघडलं. हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर येशूचं चित्र, खाली आंतोनचा फोटो, त्याला हार, पुढे मेणबत्ती. आणि फोटोच्या वर, एका चांगल्या, पॉलिश केलेल्या सागवानी फळीवर, ती कडी.

मी फळीशी गेलो. हात लावायची गरज नव्हती. एक बाजू झिजून बारीक झालेली, रॉकेलने धुऊन तेल दिलेली, काळीभोर. अशी राखली होती की मी कधी राखली नसती.

वहिनी मागून म्हणाल्या, "बघितलं ना विलास भाऊ? हे रोज पुसायचे. नेहमी बोलायचे, ही मला विल्याने दिली."

"मी?"

"मग? तुम्हीच बोलले ना फादरला, कडीला चीर गेली आहे, दारावर टिकणार नाही, नवीन लावा म्हणून. तर फादर बोलले, जुनी तूच घेऊन जा. तुम्ही नसते बोलले तर भंगारात गेली असती. गाव सुटलं, पण एवढं तरी आलं आमच्यासोबत."

मी कडी उचलून बघितली. चीर कुठेही नव्हती. हातातून निसटून ती फळीवर आपटली आणि तो आवाज झाला, तोच. वहिनी चटकन वळल्या आणि दाराकडे बघायला लागल्या, कोणी आलंय की काय म्हणून. मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं आणि पदराने डोळे टिपत त्या चहा टाकायला आत गेल्या.

मी त्यांना काय सांगणार होतो? तुमचा नवरा खोटारडा होता, आणि खोटं त्याने माझ्या तोंडात घातलं? मेणबत्ती जळत होती. आंतोन फोटोत हसत होता, माझा डबा उघडताना हसायचा तसा. त्याने ती विकली असती तर बरं झालं असतं, मी त्याला चोर म्हणून मोकळा झालो असतो. त्याने ती प्रेमाने ठेवली होती. गाव हातातून जाताना एक तरी वस्तू धरून ठेवावी, असं त्याला वाटलं असेल. मलाही वाटलं असतं. पण मागितली असती तर मी नाही म्हटलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने मागितली नाही, फादरांना माझा निरोप म्हणून खोटंच सांगितलं, माझं नाव वापरलं. माझ्या शब्दाची किंमत गावात त्यालाच माहीत होती, आणि त्यानेच ती खर्च करून टाकली. मी चहा प्यायलो. साखर जास्त होती. रंधे, पटाशा सोफ्याशेजारी ठेवल्या आणि खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी सुनंदाला घेऊन मुर्ध्याला निघालो. वाटेत चर्चशी गाडी थांबवली. ऊन कडक होतं, दार बंद. मी खिशातल्या किल्लीने कडीवरचा रंग खरवडला. आत ग्रिलवाल्याची साधी सळई होती, गोल वाकवून जोडलेली, आणि जोडाच्या जागी वेल्डिंगची गाठ. बाकी रंग मात्र जसाच्या तसा होता, काल लावल्यासारखा. रंग हात लागून झिजतो. इतक्या वर्षांत त्या कडीला कोणी हातच लावला नव्हता.

सासू अंगणात जवळा वाळत घालत होती. आम्हाला बघून तिने सुनेला तवा ठेवायला सांगितलं. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं, आंतोन, कडी, चीर, फादर, टॉवर. ती जवळा हाताने पसरत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "मना ठाव हाय."

"काय ठाऊक आहे?"

"कडी आंतोनच्या घरी हाय ती. तवाच बाजारात त्याची बायको बोलली. तुमीच फादरला सांगितला, चीर गेली म्हनून."

म्हणजे मी जेव्हा तिला रंग झिजण्याची गोष्ट सांगून, वर गुडघ्यांचं तेल देऊन येत होतो, तेव्हा ती समोर बसून मला बघत होती. आपला जावई तोंडावर खोटं बोलतो, हे बघत होती.

"आई, मग मला विचारलं का नाही?"

"जावयाला असा इचारतात काय?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी तरलो असतो.

"पण मी बोललोच नाही तसं! आंतोनने माझं नाव सांगितलं. मी कधी चीर म्हटलंच नाही. हवं तर कडी आणून दाखवतो, चीर नाही तिला."

तिने पहिल्यांदा हात थांबवला. माझ्याकडे बघितलं, घसरलेल्या पोराकडे बघावं तसं. "न्हाय आनायची. त्या बाईचा घर गेला, नवरा गेला. तिच्याकडं तेवढंच राह्यलंय." मग जरा थांबून, अगदी हळू म्हणाली, "आनि जावयबापू, मेलेल्या मानसावर कशाला घालता आता? असू द्या. मानसाकडून व्हतं. मी तवाच माफ केला तुमाला."

मी सुनंदाकडे बघितलं. ती पायाने अंगणातले खडे बाजूला सारत होती.

"तुलाही माहीत होतं?"

"आईने सांगितलं होतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मला वाटलं, तुझी काहीतरी अडचण असेल. म्हणून नाही काढला विषय."

"आणि आता?"

"आता जाऊ दे ना," ती म्हणाली.

आंतोन जिवंत असता तर मी त्याला कॉलरला धरून या अंगणात उभा केला असता. तो रडला असता, मी शिव्या घातल्या असत्या, म्हातारीने दोघांनाही हाकललं असतं आणि संध्याकाळी आम्ही एकत्र जेवलो असतो. पण तो त्याच्या चांगलेपणासकट निघून गेला, आणि मी राहिलो त्याच्या खोटेपणासकट. गावात तो देवमाणूस आहे. मी कडीला चीर गेली म्हणून सांगणारा दुकानदार आहे, तोही चांगला, पण जरा कच्चा. खरं काय ते सांगणारा एकच साक्षीदार होता आणि त्याच्या पेटीला खांदा मीच दिला.

परवाच पुन्हा मुर्ध्याला जेवायला गेलो होतो. दारं आता सगळीकडे सुतासारखी लागतात, म्हातारीचंही लागतं. पंगतीत पापलेटाचा मधला तुकडा तिने माझ्या ताटात वाढला. जनूला शेपटीकडचा. पूर्वी उलटं असायचं, जनू होडीवर जातो म्हणून. मी नको नको म्हटलं, तर माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "खावा. मनाला लावून घेऊ नका." जे मी केलं नाही, त्याच्यासाठी तिने मला इतकं मनापासून माफ केलंय, की आता तिला खरं पटवायचं म्हणजे तिची माफी परत करायची. मी तो तुकडा खाल्ला.